डिस्कवर झकास, स्ट्रीमिंगवर फिकं: होम थिएटरची नेहमीची तक्रार आणि बिघाड शोधायचा क्रम

सोलापुरात होम थिएटर बसवून देणं आणि दुसऱ्यांनी बसवलेलं नीट करणं, हे माझं काम. जुळे सोलापूरचा नवा फ्लॅट असो की दाजी पेठेतलं जुनं दगडी घर, एक तक्रार सारखी कानावर येते: "मालक, ब्लू-रे लावली की पिक्चर अंगावर येतो, तोच पिक्चर ॲपवर लावला की फिका पडतो. टीव्ही बदलू का?" बदलू नका. निदान खालचं सगळं बघून होईपर्यंत तरी नाही. डिस्क आणि स्ट्रीमिंग यांच्यात खरा फरक आहेच, पण लोकांना घरी जो दिसतो त्यातला बराचसा फरक मधल्या सेटिंगने आणि वायरने तयार केलेला असतो. तो फुकटात किंवा दोन-चारशे रुपयांत जातो.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय होतं ते आधी कागदावर लिहून काढा. कोणत्या वेळी आणि कोणत्या ॲपवर होतं, तेही शेजारी लिहा.

- अंधाऱ्या दृश्यात, धुक्यात किंवा आभाळात चौकोन आणि पट्टे दिसतात.
- पिक्चर सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर चित्र धूसर असतं, मग सुधारतं.
- सकाळी ठीक दिसतं, रात्री जेवणानंतर बिघडतं.
- एचडीआरचा (उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त दाखवणारा) पिक्चर इतका काळा दिसतो की चेहरे ओळखू येत नाहीत.
- कॅमेरा आडवा सरकला की चित्र अडखळतं. किंवा उलट, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.
- संवाद दबलेले, गाणं आणि मारामारी मात्र कान फोडणारी.
- मागचे स्पीकर मुके, रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीच्या) डिस्प्लेवर 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ'.
- ओठ आणि आवाज पुढे-मागे.
- मधेच सेकंदभर पडदा काळा होऊन चित्र परत येतं.

आधी बिघाडाची बाजू ठरवा

डिस्कचं चित्र प्लेअरमधून एचडीएमआय वायरने रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला जातं. या वाटेत नेट नाही, ॲप नाही, सबस्क्रिप्शन नाही. म्हणून घरातली एक चांगली ब्लू-रे हे बिघाड शोधायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. शक्य असेल तर तोच सिनेमा, तेच दृश्य दोन्हीकडून लावा. डिस्कवरही चित्र किंवा आवाज खराब असेल तर दोष टीव्ही, रिसीव्हर, स्पीकर किंवा खोलीचा. डिस्क चांगली आणि ॲप खराब असेल तर ॲप, नेट, किंवा टीव्हीकडून रिसीव्हरकडे परत येणारी आवाजाची वाट तपासायची. हे ठरवल्याशिवाय पुढं गेलात तर संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही.

प्लेअर नसेल तर पोरांचा गेमिंग कन्सोल बघा. प्लेस्टेशन ४ साधी ब्लू-रे चालवतो. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के ब्लू-रेही चालवतात.

तुलना मात्र बरोबरीची हवी. डीव्हीडी आणि ब्लू-रे दिसायला सारख्या, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. आपल्याकडच्या पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि दोन थरांच्या डीव्हीडीवर साडेआठ जीबीच मावतात. ब्लू-रेवर २५ किंवा ५० जीबी, चित्र १०८०पी, आणि व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा. ४के ब्लू-रे ५०, ६६ किंवा १०० जीबीची येते, आणि १०० जीबीच्या डिस्कवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत डेटा येऊ शकतो. याच्यासमोर नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन सुचवतं आणि तासाला साधारण ७ जीबी खर्च धरतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेसतरा जीबी. आकड्यांत डिस्क कितीतरी पुढं आहे, पण स्ट्रीमिंगवाले नवे कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) वापरून आणि दृश्यागणिक डेटा कमी-जास्त करून यातलं बरंच अंतर भरून काढतात.

आणि 'डिस्क म्हणजे भारीच' हेही खरं नाही. एका डीव्हीडीवर तीन सिनेमे घातलेल्या त्या जुन्या डिस्क आठवा. साडेसात तासांचा मजकूर साडेआठ जीबीत कोंबला की चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला अडीच मेगाबिट उरतात, तेही जुन्या एमपेग-२ कोडेकमध्ये. तसली डिस्क आणि ॲपवरचा १०८०पी पिक्चर शेजारी लावले तर ॲपच जिंकतं.

आवाजाची तुलना करताना आणखी एक फसगत होते. ज्याचा आवाज थोडा मोठा, तो कानाला चांगला वाटतो. डिस्क आणि ॲप यांचा आवाज मुळात एका पातळीवर नसतो. म्हणून मोबाईलवर आवाज मोजायचं एखादं फुकट ॲप घ्या, बसायच्या जागी ठेवा, आणि एकच संवाद दोन्हीकडून सारख्या डेसिबलवर येईल असा व्हॉल्यूम लावा. 'डिस्कचा आवाज भारी' म्हणणारे निम्मे लोक एवढ्यावरच गप्प होतात.

रिमोटवर होणारं काम: पिक्चर मोड

खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तक्रारी इथंच मिटतात. टीव्ही प्रत्येक इनपुटसाठी पिक्चर मोड वेगळा लक्षात ठेवतो हे बहुतेकांना माहीत नसतं. तुम्ही किंवा बसवणाऱ्याने ब्लू-रे लावून एचडीएमआय-१ वर 'सिनेमा' मोड ठेवलेला असतो. टीव्हीतलं ॲप मात्र कारखान्यातून आलं तसं 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड'वर चालतं. त्यातही साधा पिक्चर, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन (हे दोन्ही एचडीआरचेच प्रकार) या तिन्हींची सेटिंग वेगवेगळी राहतात. म्हणजे एकदा मोड बदलला की काम झालं असं नाही. ॲपमध्ये साधा पिक्चर चालू करून मोड बदला, मग एचडीआरचा पिक्चर चालू करून परत बदला.

मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. त्यानंतर एनर्जी सेव्हिंग आणि उजेड ओळखणारा सेन्सर बंद करा. एचडीआर काळा दिसण्याचं पहिलं कारण हेच असतं: खोलीतला दिवा मालवला की सेन्सर पडदाही मंद करतो. डॉल्बी व्हिजनमध्ये उजेडाच्या खोलीसाठी आणि अंधाऱ्या खोलीसाठी असे दोन मोड असतात. आपल्या दिवाणखान्यात दिवसा पडदे लावूनही उजेड येतो, तेव्हा उजेडाचा मोड वापरायला लाजू नका.

सिनेमा मालिकेसारखा दिसत असेल तर मोशन स्मूदिंग चालू आहे. एलजीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगच्या टीव्हीत ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. बंद करा. उलट, चित्र अडखळत असेल तर बाहेरून लावलेली स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायचं छोटं यंत्र) बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ब्लू-रे प्लेअर तो २४वरच पाठवतो, पण स्टिक बरेचदा सगळंच ६०वर ढकलते आणि २४चा ६०शी हिशेब नीट बसत नाही. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवायचा पर्याय चालू करा. तिथंच 'नेहमी एचडीआर' असेल तर तो काढून 'मजकुराप्रमाणे' करा, नाहीतर जुने साधे सिनेमेही ओढूनताणून एचडीआरमध्ये जातात आणि त्यांचे रंग बिघडतात.

प्लॅन, ॲप आणि भाषा

हे विचारताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण विचारावंच लागतं: प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सचा भारतातला मोबाईल प्लॅन ४८०पी देतो, बेसिक ७२०पी, स्टँडर्ड १०८०पी. ४के आणि एचडीआर फक्त प्रीमियमवर. ६५ इंची टीव्हीवर बेसिक प्लॅन चालवून पॅनेलला नावं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. रिचार्जबरोबर फुकट आलेलं सबस्क्रिप्शन असेल तर हे हमखास तपासा.

त्याच खात्यात प्रत्येक प्रोफाईलला डेटा वापराचं सेटिंग वेगळं असतं. मुलाने मोबाईल डेटा वाचवायला ते 'लो' केलेलं असलं तर टीव्हीवरही लोच येतं. ते 'हाय' करा.

मग पिक्चर कशातून चालतो ते बघा. लॅपटॉपचा ब्राउझर एचडीएमआयने जोडला असेल तर ४के क्वचितच मिळतं. स्वस्तातल्या बिनमार्काच्या अँड्रॉइड बॉक्सवर तर चोरीविरोधी प्रमाणपत्राची वरची पातळी नसते. डब्यावर ४के छापलेलं असलं तरी मोठी ॲप त्यावर साधं एसडीच सोडतात. याला दुसरा उपाय नाही, बॉक्स बदला किंवा टीव्हीतलंच ॲप वापरा. खरं किती येतंय हे बघायला नेटफ्लिक्सवर 'टेस्ट पॅटर्न्स' शोधा, त्यात चालू रेझोल्यूशन आणि बिटरेट दिसतो. यूट्यूबवर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा.

भाषेचा मुद्दा सोलापुरात जास्तच लागू होतो. इथं एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी पिक्चर चालतात. ॲपवर ॲटमॉस (वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) बरेचदा मूळ भाषेच्याच ट्रॅकला असतो, आणि हिंदी डब ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफरचा) किंवा नुसता स्टिरिओ. मागचे स्पीकर मुके झाले म्हणून मला बोलावलं जातं, तिथं हिंदी ट्रॅक काढून मूळ तेलुगू लावला की मागून पाऊस पडायला लागतो. ट्रॅकच्या यादीत भाषेपुढं ५.१ लिहिलंय का ते वाचा. काहीच लिहिलं नसेल तर तो बहुधा स्टिरिओ.

नेट

रात्री खराब आणि सकाळी चांगलं असेल तर इथं थांबा. स्ट्रीमिंग नेट कमी पडलं की लगेच अडकत नाही. आधी चित्राचा दर्जा गुपचूप खाली आणतं आणि पिक्चर पुढं चालूच ठेवतं. त्यामुळं 'बफरिंग होत नाही, म्हणजे नेट ठीक आहे' हा निष्कर्ष चुकतो. सुरुवातीचं मिनिटभर धूसर दिसणंही यातलंच. ते थोडं राहणारच, त्यावर डोकं खपवू नका.

टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये, नाहीतर टीव्हीशेजारी उभं राहून मोबाईलवर, फास्ट डॉट कॉम उघडा. ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरपर्यंतचा वेग दाखवते. ती रात्री नऊच्या पुढं घ्या, सुट्टीच्या दिवशी किंवा क्रिकेटची मॅच असताना घेतली तर आणखी बरं. ४केसाठी २५ एमबीपीएस सतत मिळत असेल तर पुरे. १०० किंवा २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे म्हणून टीव्हीपर्यंत तेवढं पोचतं असं नाही. राउटर शोकेसच्या आत, देवघराच्या मागं किंवा जिन्याखाली ठेवलेला असतो, आणि आपल्या जुन्या पेठांतल्या दगडी भिंती ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आरपार जाऊ देत नाहीत. मग टीव्ही २.४वर जातो, जिथं शेजारपाजारच्या दहा घरांचं वायफाय आधीच भांडत असतं.

राउटर उघड्यावर, उंचावर आणा. स्टिक टीव्हीच्या पाठीत थेट खोचलेली असेल तर डब्यात आलेला छोटा एक्स्टेंडर लावून तिला बाहेर काढा. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका, तिचा स्वतःचा ॲडॅप्टर वापरा. एवढं करूनही वेग हलत असेल तर कॅट-५ई किंवा कॅट-६ ची लॅन केबल ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, आणि वायफायवर त्याहून मोठा आकडा दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात. पण स्ट्रीमिंगला मोठा आकडा लागत नाही, न हलणारा लागतो.

लॅन लावूनही रात्री वेग पडत असेल तर घरात शोधायचं काही उरलं नाही. तीन रात्रींचे स्क्रीनशॉट काढा आणि नेटवाल्याला दाखवा. तुमच्याकडची लाईन, फायबरचा जोड किंवा त्याच्याकडची गर्दी, हे तोच बघू शकतो.

आवाज टीव्हीतून रिसीव्हरला कसा जातो

डिस्कचा आवाज आणि ॲपचा आवाज वेगवेगळ्या वाटेने येतात. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडलेला असेल तर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (डिस्कवरचे पूर्ण दर्जाचे आवाजाचे प्रकार) काहीही न गाळता पोचतो. टीव्हीतल्या ॲपचा आवाज मात्र उलटा प्रवास करतो: टीव्हीतून एआरसीच्या (एचडीएमआयवरून आवाज उलट पाठवायच्या सोयीच्या) वायरने मागं रिसीव्हरला.

म्हणून टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल साउंड आउटपुट' बघा. तिथं पीसीएम असेल तर साध्या एआरसीवर रिसीव्हरला फक्त दोन चॅनल मिळतात. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल प्लस' किंवा 'ॲटमॉस' उमटतं का बघा. हे अक्षर उमटणं हीच खरी तपासणी, कान नंतर.

वायर टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच हवी, आणि रिसीव्हरच्या 'आउट'मध्ये. ऑप्टिकल वायर असेल तर तिच्यातून स्टिरिओ पीसीएम किंवा जुनं डॉल्बी डिजिटल, डीटीएस ५.१ एवढंच जातं. डॉल्बी डिजिटल प्लस नाही, ॲटमॉस नाही.

इथं दुकानात एक गोष्ट गळ्यात मारली जाते: ॲटमॉससाठी ईएआरसीच (एआरसीची नवी, जास्त डेटा नेणारी आवृत्ती) लागतं. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं आणि ते साध्या एआरसीवरून जातं. ईएआरसी लागतं ते डिस्कच्या ट्रूएचडीसाठी, तेही प्लेअर टीव्हीला जोडला असेल तर. प्लेअर रिसीव्हरला जोडा, प्रश्न मिटला.

संवाद दबत असतील तर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' बघा. हे चालू असलं की मोठे आवाज दाबले जातात आणि हळू आवाज वर येतात. घरात शांतता असेल तर ते बंदच चांगलं. पण घराला लागून यंत्रमाग चालत असतील तर सिनेमातली कुजबुज त्या खडखडाटात तशीच बुडते. अशा घरी मी स्वतः नाइट मोड चालू करून देतो, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवणंही चालतं. रिसीव्हरमध्ये छोटे स्पीकर 'लार्ज' म्हणून नोंदलेले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खर्ज सबवूफरकडे जाईल आणि संवादाच्या स्पीकरचा गळा मोकळा होईल.

डिस्कवरही संवाद अस्पष्ट असतील तर दोष खोलीचा असू शकतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. झणझण ऐकू आली तर शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकताहेत. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, मागच्या भिंतीवर एखादी जाडजूड सोलापुरी चादर थोडं अंतर सोडून टांगा. खर्जाला याने फरक पडत नाही, पण संवादातले स, श, च स्पष्ट होतात. नव्या साउंडबारने होणार नाही ते काम घरातली चादर करते.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आवाज पुढं आहे की मागं ते ठरवा. पुढं असेल तर रिसीव्हरच्या 'लिप सिंक'मध्ये थोडं थोडं वाढवा. मागं असेल तर ते शून्य करा आणि टीव्हीचा साउंड आउटपुट 'ऑटो'वरून 'पास-थ्रू'वर न्या.

पोर्ट आणि वायर

सेकंदभर काळा पडदा, ठिणग्यांसारखे ठिपके, ४केचं अचानक १०८०पी होणं, ही एचडीएमआयची लक्षणं. डिस्कवरच जास्त दिसतात, कारण ४के एचडीआरचा पूर्ण सिग्नल तिथून वायरने जातो. टीव्हीतल्या ॲपला ती वायर लागतच नाही. म्हणून 'ॲप ठीक, डिस्क गचके खाते' अशी उलटी तक्रार आली की मी वायर हातात घेतो.

आधी टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. बंद असेल तर ४के येईल, पण एचडीआर नीट येणार नाही. मग दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. तरी होत असेल तर दुसरी, कमी लांबीची वायर लावून बघा. १८ गिगाबिटचं प्रमाणपत्र आणि क्यूआर कोड असलेली दोन मीटरची वायर पुरते. सोन्याच्या मुलाम्याच्या महाग वायरने रंग खुलत नाहीत. डिजिटल सिग्नल पोचतो किंवा तुटतो. पाच मीटरच्या पुढं साध्या तांब्याच्या वायरवर भरवसा ठेवू नका. प्रोजेक्टरला लांब जायचं असेल तर फायबर एचडीएमआय लागते, आणि तिला दिशा असते. उलटी ओढली तर चित्रच येत नाही.

रिसीव्हर जुना असेल तर एचडीसीपी २.२ (४केच्या सिग्नलचं चोरीविरोधी कुलूप) आहे का ते बघा. ते नसलं की ४केचा सिग्नल अडतो. तेव्हा प्लेअरला दोन एचडीएमआय आउट असतील तर एक टीव्हीला, एक रिसीव्हरला जोडून काम भागतं.

डिस्क आणि प्लेअर

डिस्कच अडकत असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी खाली असतो, डीव्हीडीचा ०.६ मिमी. ब्लू-रेवर कडक लेप असतो म्हणून ती सहज चरत नाही, पण बोटाचा तेलकट ठसाही तिला त्रास देतो. नवी डिस्क ओळखत नसेल तर प्लेअरचं फर्मवेअर अपडेट करा. परदेशातून आणलेली असेल तर रीजन बघा: भारत डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी. ४के ब्लू-रेला रीजनचं बंधन नाही.

एक सेटिंग जवळपास प्रत्येक प्लेअरमध्ये चुकीचं सापडतं: 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'ब्लू-रे ऑडिओ मिक्स'. हे चालू असलं की प्लेअर मेनूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी मूळ ट्रूएचडी सोडून साधा डॉल्बी डिजिटल पाठवतो. डिस्क विकत घ्यायची आणि तिचा निम्मा आवाज तिथंच सोडायचा, असा हा प्रकार. बंद करा, आणि आउटपुट 'बिटस्ट्रीम' ठेवा.

सगळं नीट केल्यावर उरणारा फरक

तो उरतोच, आणि तो बिघाड नाही. ५५ इंची टीव्हीपासून सात फुटांपेक्षा लांब बसलात तर १०८०पी आणि ४के यांतला बारकावा चांगल्या नजरेलाही जेमतेम कळतो. नीट लावलेलं स्ट्रीमिंग तिथं पुरतं. १०० इंचांच्या पडद्यावर मात्र पाऊस, धुकं, धुरळा आणि जुन्या फिल्मचे दाणे यांत डिस्क उघड पुढं जाते. आवाजाचंही तसंच. साउंडबारवर फरक शोधून सापडत नाही, चांगल्या ५.१ वर स्फोटाच्या आधीची शांतता आणि नंतरचा खर्ज डिस्कवर जास्त मोकळा लागतो.

पण मराठी सिनेमे ब्लू-रेवर शोधून सापडत नाहीत, आणि ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवल्यापासून चांगल्या प्लेअरचे पर्यायही कमीच होत गेले. जो सिनेमा तुम्ही पुन्हा पुन्हा बघता आणि जो ॲपवरून कधीही उठू शकतो, त्याची डिस्क घ्या. बाकीच्यासाठी घेऊ नका, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

स्पीकरमधून सतत 'हुं' असा आवाज येत असेल तर केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप (दोन वेगळ्या अर्थिंगमुळे येणारी गुणगुण) आहे, केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घ्या. थांबला नाही, किंवा रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. लायसन्स असलेला वायरमन बोलवा. उन्हाळ्यात काळी माती तडकली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, हे त्याला आठवण करून द्या. हुं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने आवाज जातो आणि जीवही जाऊ शकतो.

लाईट मंद-तीव्र होते तेव्हाच चित्र जात असेल तर तेही वायरमनचं काम.

रिसीव्हर आपोआप बंद पडून 'प्रोटेक्ट' दाखवत असेल तर वीज काढून स्पीकरच्या वायरींची सुटी तार शेजारच्याला टेकलीय का एवढंच बघा, आणि वरची-मागची जाळी बाहेरून ब्रशने साफ करा. यंत्रमागाच्या भागात कापसाचं तूस जाळीत गच्च बसतं, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना बंद शोकेसमधला रिसीव्हर तापून बंद पडणारच. तरीही प्रोटेक्ट गेलं नाही तर झाकण उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात. जळका वास, पडद्यावर उभी रेघ, एका बाजूचा बॅकलाइट गेलेला, भिंतीत गाडलेली एचडीएमआय, ही सगळी सर्व्हिस सेंटरची किंवा बसवणाऱ्याची कामं.

येणाऱ्या माणसाला डिस्कवर काय होतं आणि ॲपवर काय होतं ते आधी सांगा. ते ऐकून न घेता तो थेट नव्या पॅनेलचा भाव सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि दुसरा बघा.